फॅमिली स्टेशन

माझ्या बायकोची बदली परदेशातल्या आपल्या दूतावासात झाल्याचं कळलं, तेव्हा सगळ्यात आधी माझ्या ताईने विचारलं, "ते ठीक आहे रे, पण तू तिथे काय करणार?"

रविवार होता. ताई अँटॉप हिलहून आली होती, आबा म्हणजे माझे वडील ओट्याशी उभं राहून मटणाला वाटण लावत होते, आणि माझी मुलगी टेबलावर भूगोलाचा नकाशा रंगवत बसली होती. बायको उत्तरेतल्या एका छावणीत. ती लष्करात अधिकारी आहे, लेफ्टनंट कर्नल. तिने फोन स्पीकरवर टाकायला सांगितला आणि बातमी सगळ्यांना एकदम दिली. दूतावासात एक संरक्षण विभाग असतो, तिथे लष्कराची मोजकी माणसं नेमतात, त्यातली एक जागा तिला मिळाली होती. तीन वर्षांसाठी. देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिची नोकरी अजून चालू आहे आणि तिला ते आवडणार नाही.

"आणि ऐका," ती म्हणाली, "ते फॅमिली स्टेशन आहे."

तिचा आवाज फोनवर नेहमी हुकूम सोडल्यासारखा असतो. त्या दिवशी शेवटच्या दोन शब्दांवर तो जरा हलला. ताईला त्यातलं काही कळलं नाही, म्हणून तिने तो प्रश्न विचारला. मला कळलं. फॅमिली स्टेशन म्हणजे घरच्यांना सोबत नेता येईल अशी जागा. आमच्या लग्नानंतर इतक्या वर्षांत आम्ही तिघं सलग एका छताखाली राहिलो होतो ते फक्त तिची बदली कुलाब्याला होती तेव्हा, आणि तेव्हा मुलगी पाळण्यात होती.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बायको मला भेटली तीच पेशंट म्हणून. मी तेव्हा दादरला एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या हाताखाली शिकत होतो आणि ही गिरगावची मुलगी, नुकती लेफ्टनंट झालेली, प्रशिक्षणात गुडघ्याचं लिगामेंट फाडून घेऊन आली होती. मी म्हटलं, सहा महिने लागतील. ती म्हणाली, चार. व्यायाम करताना दातांवर दात असायचे तिचे, पण हूं की चूं नाही. आमचं लग्न तिच्या घरच्यांना पचायला वेळ लागला. ते कोकणातले, आम्ही परळचे बौद्ध. त्यावर फार लिहीत नाही, कारण पुढे तिची आईच आमच्या मुलीच्या बारशाला सगळ्यात आधी येऊन बसली होती.

लग्नानंतर तिच्या बदल्या होत राहिल्या. काही ठिकाणी कुटुंबाला परवानगी नव्हती. जिथे होती तिथे माझं क्लिनिक आड यायचं, कारण मी दादरला स्वतःचं सुरू केलं होतं. दोन टेबलं, एक ट्रॅक्शनचं मशीन आणि दारात चपलांचा ढीग. गिरणीत आयुष्य काढलेल्यांचे गुडघे, त्यांच्या सुनांच्या कमरा, आयटीतल्या नातवांच्या माना. एका घरातल्या तीन पिढ्या माझ्याकडे यायच्या. ते सोडून जायचं म्हणजे मुळापासून उपटून घेणं होतं. मुलगी माझ्याजवळ वाढली, माझ्या आणि आबांच्या हाताखाली. तिची आई म्हणजे सुट्टीतली पाहुणी आणि फोनमधला चेहरा.

त्या रविवारी जेवताना मी सांगून टाकलं, "मी जाणार."

ताईने हातातला घास तसाच ठेवला. "आणि क्लिनिक?"

"देईन कोणाला तरी."

"लोक काय म्हणतील? बायकोच्या मागे गेला."

"मागे नाही, सोबत," मी म्हटलं. "हजार अधिकाऱ्यांच्या बायका जातात. त्यांना कोण विचारतं?"

ताईला ते पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही सगळं पटलं नव्हतं. तिथे मला नोकरी करता येणार नव्हती. मी तिथे फक्त तिचा नवरा असणार होतो. पण मुलगी अकरा वर्षांची होत होती आणि मला दिसत होतं, आणखी थोडी वर्षं गेली की तिला आईची सवय लागण्याची वेळच निघून जाईल.

अडचण आबांची होती. नियमात कुटुंब म्हणजे नवरा किंवा बायको आणि मुलं. वडील बसत नव्हते त्यात. मी म्हटलं, ताईकडे राहा. ताईही म्हणाली. आबांनी सरळ नकार दिला.

"मी अँटॉप हिलला जाऊन काय करू? तिथे कोण ओळखतं मला? इथे खाली उतरलो की चार माणसं जय भीम म्हणतात. विहारात संध्याकाळी आमची मंडळी बसते. मला स्वयंपाक येतो, लिफ्ट चालवता येते, फोन करता येतो."

"पडलात-बिडलात तर?"

"पडलो तर शेजारी आहेत. तुम्ही असता तेव्हा काय पडणं बंद होतं काय?" मग जरा थांबून म्हणाले, "गिरणी बंद पडली तेव्हा तुझी आई म्हणाली होती, गावाला जाऊ. मी नाही गेलो. इथेच वॉचमनची नोकरी धरली, म्हणून तू शिकलास. आता तुला जायचंय तर तू जा. मला हलवू नकोस."

हा विषय तिथेच संपला. मी बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवून घेतल्या, एवढंच.

क्लिनिक मी माझ्या सहकारी मुलीला दिलं. चांगली होती ती, हात हलका आणि नजर पक्की. भाड्याचा करार तिच्या नावावर करून दिला. तिने विचारलं, "सर, परत आल्यावर?" मी म्हटलं, "परत आल्यावर बघू. आता ते तुझं."

मग दिल्लीचे फोन सुरू झाले. एक बाबू रोज फोन करायचे. पुरुषाचा आवाज ऐकला की त्यांना वाटायचं अधिकारी मीच.

"सर, मेमसाहब का मेडिकल कब करवा रहे हैं?"

"मेमसाहेब मीच आहे," मी एकदा हिंदीत सांगून टाकलं. ते खदखदून हसले आणि तेव्हापासून माझं प्रत्येक काम त्यांनी सगळ्यात आधी केलं.

निघण्यापूर्वी दिल्लीत सोबत जाणाऱ्यांना माहिती द्यायला एक दिवस बोलावलं होतं. हॉलमध्ये सगळ्या बायका आणि मी. परदेशात राहून आलेल्या एक अनुभवी बाई बोलत होत्या. "लेडीज, सिल्कच्या साड्या भरपूर न्या, आपल्या समारंभांना लागतात." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "आणि तुम्ही..." त्या अडखळल्या. "तुम्ही एक चांगला सूट शिवून घ्या." सगळा हॉल हसला. मीही हसलो. परळला येऊन सूट शिवला.

तिथे आम्ही वर्षभराहून थोडं जास्त राहिलो. मी समजून चाललो होतो की एकत्र आलो की सगळं आपोआप जमेल. तसं झालं नाही. बायकोला घरात माणसं असण्याची सवयच नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिने मुलीच्या उठण्याचं, अभ्यासाचं, झोपण्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं. मुलीने ते बघितलं आणि म्हणाली, "आई, तू घरी आलीयस. ऑफिसमध्ये नाहीस." एकदा तिने मुलीची वेणी घालायला घेतली. मुलगी आरशात बघत सहज बोलून गेली, "बाबा जास्त चांगली घालतो." बायकोने कंगवा माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

मी मागे गेलो. "ती मुद्दाम नाही बोलली."

"माहितीये मला. म्हणून तर लागलं," ती म्हणाली. "मी शिकेन. मला वेळ दे."

आणि ती शिकली. ज्या चिकाटीने गुडघा बरा केला होता त्याच चिकाटीने. वेळापत्रक काढून टाकलं. रोज कामावर जायच्या आधी मुलीला घेऊन कोपऱ्यावरच्या भट्टीतून पाव आणायला चालत जायची. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघायची. त्या चालण्यात दोघींचं काय बोलणं व्हायचं ते मला कधी सांगितलं नाही, पण परत येताना पावाचा कोपरा दोघींनी तोडून खाल्लेला असायचा. हिवाळा संपता संपता मुलगी शाळेतल्या भांडणाची गोष्ट मला सोडून आधी आईला सांगू लागली. मला थोडं वाईट वाटलं. त्याहून जास्त बरं वाटलं.

मी घर चालवायचो. बाजारात खुणांनी भाजी घ्यायचो, भाषा शिकायचो, दूतावासातल्या ड्रायव्हरची कंबर आणि एका लेखनिकाच्या बायकोची पाठ बघायचो, मित्र म्हणून. समारंभांत सूट घालून बायकांच्या घोळक्यात उभा राहायचो. सुरुवातीला त्या जरा अवघडायच्या. पुढे मला शेवयांची खीर कशी आटवायची ते विचारू लागल्या.

मग त्या शहराचं बिनसलं. आधी मोर्चे, मग बंद दुकानं, मग नदीपलीकडे धूर. मुलीची शाळा बंद झाली. बायको बरेच दिवस ऑफिसातच झोपत होती. एका दुपारी ती घरी आली आणि बूट न काढता आत आली. असं ती कधीच करत नाही.

"उद्या सकाळी विमान आहे," ती म्हणाली. "सगळ्या फॅमिलीज परत जातायत."

"म्हणजे?"

"तू आणि पिल्लू."

"मी नाही जाणार. तिला बाकीच्यांबरोबर पाठव, ताई दिल्लीला येऊन घेईल."

"तू इथे थांबून काय करणार?"

"तुझ्याजवळ थांबणार."

ती खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "हे बघ," ती म्हणाली, "तू इथे असलास तर माझं अर्धं लक्ष घराकडे राहील. मला पूर्ण लक्ष लागणार आहे. आणि तिच्याजवळ आपल्या दोघांपैकी एकजण पाहिजे. तो कोण, ते तूच सांग."

मी बोलायला तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं की नवरा बायकोला अशा ठिकाणी सोडून जात नाही. पण हे वाक्य मनात तयार झालं तेव्हाच त्याचं खोटेपण मला दिसलं. तिच्या जागी मी गणवेशात असतो आणि ती माझी बायको असती, तर मी तिला हेच सांगितलं असतं आणि ती गेली असती. मी उठलो आणि बॅग काढली.

विमानतळावर नेणारी बस बायकामुलांनी भरली होती. दारात यादी घेऊन उभ्या असलेल्या तरुण कर्मचाऱ्याने मला थांबवलं. "सर, स्टाफ तो यहीं रुक रहा है।"

"मैं स्टाफ नहीं हूँ," मी म्हटलं. "फॅमिली हूँ।"

त्याने मान खाली घातली आणि मला आत घेतलं. लेखनिकाची बायको गरोदर होती, तिच्या मोठ्या मुलाला मी मांडीवर घेतलं. बायको निरोप द्यायला आली नाही, तिला येणं शक्यच नव्हतं. मुलगी खिडकीला नाक लावून बसली होती. सगळ्या प्रवासात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

परळला पोचलो तेव्हा आबा खाली सोसायटीच्या फाटकापाशी उभे होते. त्यांनी नातीच्या हातातली पिशवी घेतली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

बोलणाऱ्यांनी बोलायचं सोडलं नाही. विहारात एका कार्यक्रमाला गेलो तर लांबचे एक काका सगळ्यांसमोर म्हणाले, "काय रे, बायको तिथे गोळ्यांत आणि तू परत आलास?" मी काही बोलायच्या आत आबा म्हणाले, "तो वरिष्ठ अधिकाऱ्याचा हुकूम पाळून आलाय. तू कधी पाळलास का घरच्या अधिकाऱ्याचा?" काकांच्या बायकोला हसू आवरेना.

मी ठरवलं, घरात बसून फोनकडे बघत राहायचं नाही. दुसऱ्याच आठवड्यात दादरला क्लिनिकवर गेलो. भिंतींचा रंग बदलला होता, पडदे नवे होते, वेळा वेगळ्या होत्या. ती मुलगी मला बघून गडबडली. "सर, या ना. तुमचंच आहे हे. मी दुसरीकडे बघते."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "दिलं ते दिलं. मला सकाळची पाळी दे. तुझ्या हाताखाली काम करीन."

तिला ते फार अवघड गेलं. पहिले काही दिवस पेशंट आला की ती खुर्चीतून उठायची. मी तिला परत बसवायचो. हळूहळू तिला सवय झाली आणि मलाही. तिने बसवलेल्या वेळा माझ्या वेळांपेक्षा चांगल्या होत्या, हे मी महिनाभरात कबूल केलं.

मुलीला जुन्या शाळेत परत घेतलं. ती जायची, यायची, जेवायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची. एकदा शाळेतून घरी येताना पुलाखालच्या सिग्नलला आम्ही थांबलो होतो, तेव्हा एकदम म्हणाली, "तू तिला सोडून आलास."

"हो," मी म्हटलं.

तिला वाटलं असेल मी नाही म्हणेन. तिने वर बघितलं. "का?"

"तिचं काम तिथे आहे म्हणून. आणि तुझ्याजवळ आमच्यातलं एकजण पाहिजे, हे आम्ही दोघांनी ठरवलं."

"म्हणजे माझ्यामुळे."

"नाही. आई-बाप झालो तेव्हाच हे काम आमच्या वाट्याला आलं. दोन कामं होती, आम्ही दोघांत वाटून घेतली. तिच्या वाट्याचं जास्त कठीण आहे. मला तिच्याजवळ राहायचं होतं, तुझ्याइतकंच. पण मी माझं नीट केलं नाही तर तिला तिथे तिचं नीट करता येणार नाही."

सिग्नल सुटला. रस्ता ओलांडताना तिने माझा हात धरला. मोठी झाल्यापासून धरायची बंद झाली होती. पलीकडे गेल्यावर तिने विचारलं, "मग माझं काम काय?"

"अभ्यास कर. आबांना औषधाची आठवण कर. आणि फोन आला की रडू नकोस. ठेवल्यावर रड, मी आहे."

तिने ते तंतोतंत पाळलं. मीही माझे नियम केले. जेवताना टीव्हीवरच्या बातम्या नाहीत. बायकोला फोनवर 'तिथे काय चाललंय' विचारायचं नाही, ती सांगू शकत नाही. तिला इथलं सांगायचं. कोणाची कंबर धरली, आबांनी कोणाशी भांडण काढलं, काळाचौकीच्या मूर्तिकारांकडे मातीचे ढीग कसे आलेत. एकदा बरेच दिवस फोनच लागला नाही. दिल्लीहून एवढंच कळलं की सगळे सुरक्षित आहेत. त्या दिवसांत मी पेशंटच्या पाठीवर हात ठेवायचो आणि माझेच खांदे दगड झालेले असायचे. तरी एक दिवसही काम चुकवलं नाही. मुलीने एक दिवसही शाळा चुकवली नाही. आबा रोज संध्याकाळी विहारातून आले की फक्त माझ्या तोंडाकडे बघायचे आणि कुकर लावायचे.

मग फोन आला. "मी ठीक आहे. जेवलेय."

मुलीने फोन हिसकावला. "काय जेवलीस?"

"बटाटा."

"काल?"

"बटाटा. परवाही बटाटा."

मुलगी हसली. फोन ठेवल्यावर माझ्या शर्टात तोंड खुपसून बराच वेळ रडली. आबा आतल्या खोलीत जाऊन पंख्याचा वेग वाढवून बसले.

पुढे ते शहर निवलं, पण जागा फॅमिली स्टेशन राहिली नाही. बायकोला लवकर परत येता आलं असतं. तिने मला विचारलं. "नव्या माणसाला इथली माणसं ओळखायलाच वर्ष जाईल," ती म्हणाली. "पण तू ये म्हणालास तर येते."

मला 'ये' म्हणायचं होतं. मी म्हटलं, "मुदत पूर्ण करून ये. इथे आम्ही उभे आहोत."

ती मुदत पूर्ण करून आली. विमानतळावर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे मुलीच्या शेजारी उभं राहून डोक्यावर हात ठेवून उंची मापली. मुलगी तिच्या कानापर्यंत आली होती. घरी आबांनी सुकटीची चटणी आणि भाकरी केली होती. तिथलं काय झालं हे तिने त्या दिवशी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. थोडं थोडं ती अजून सांगते. बरंचसं सांगत नाही.

आता तिची बदली पुण्याला आहे. शनिवारी ती येते किंवा आम्ही जातो. मी अजून सकाळच्या पाळीलाच आहे.

मध्यंतरी तिच्या ओळखीतल्या एका कॅप्टनच्या नवऱ्याचा फोन आला. लालबागचाच मुलगा, बँकेत आहे. त्याच्या बायकोचं नाव अशाच एका नेमणुकीसाठी चाललंय. त्याला विचारायचं होतं, सोबत जावं की नाही. घरचे नको म्हणतात.

मी त्याला सगळं सांगितलं. तिथे लोक तुला काय समजतील, घरी कोण काय बोलेल, तिथे बायको तुला कशी नव्याने कळेल, आणि एखाद्या दुपारी तुला एकट्याला परत यावं लागेल तेही.

"मग जाऊ का, दादा?" त्याने विचारलं.

"जा," मी म्हटलं. "आणि राजीनामा देऊ नकोस. आधी बिनपगारी रजा मिळते का बघ."